रुमाल बांधलेली माणसं

जालन्यातल्या आमच्या कापसाच्या कारखान्यात बायकांना रुमाल मिळत नसे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. सरकी काढायच्या रेच्यांना आणि गाठी दाबायच्या प्रेसला हळदकुंकू लागायचं, झेंडूच्या माळा चढायच्या, आणि मग मालक स्वतःच्या हातानं एकेका पुरुषाला तांबडा रुमाल द्यायचे. तो डोक्याला बांधला की माणूस त्या हंगामापुरता कारखान्याचा झाला. दिवाळी सरली आणि भोंगा वाजला की त्यानं हजर व्हायचं, आणि तोवर दुसऱ्या कुणाचं काम धरायचं नाही. कागद नव्हता, अंगठा नव्हता, तरी रुमाल घेऊन दुसरीकडे गेलेल्या माणसाला पुन्हा फाटकाच्या आत पाय ठेवता येत नसे. आम्ही बायका रेच्यावर कापूस घालायला आणि नाकातोंडात तूस घेऊन दिवसभर खोकायला चालत होतो. रुमालाला मात्र आमची डोकी चालत नव्हती. मला त्याचा फार राग यायचा. त्या वर्षी पहिल्यांदा कळलं की आम्हाला कुणी बांधलेलंच नव्हतं.

ते लढाईचे दिवस होते. लढाई आमच्यापासून फार लांब, पण आमच्याकडचा आखूड धाग्याचा कापूस जहाजानं ज्या मुलखात जायचा, तो मुलूख आता शत्रूचा झाला होता, असं अडतीवरची माणसं सांगत. जुन्या जालन्यात कापसाचे ढीग नुसते पडून होते. तरी मालकांनी खंडेनवमीला पूजा केली आणि रुमाल वाटले. माझा नवरा प्रेसवर गाठी बांधायचा. अंगानं दांडगा आणि बोलायला कंजूष. त्याची उणीव मी भरून काढायची, म्हणून आमचा संसार ठीक चालला होता. रुमाल घेऊन तो घरी आला, मामंजींच्या पाया पडला आणि आरशात न बघताच त्यानं तो डोक्याला गुंडाळला. मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघं आणि माझी अंगावर पिणारी मुलगी.

दिवाळी झाली. भोंगा वाजला नाही. पहिले काही दिवस कुणाला काही वाटलं नाही, मालकांचं मुहूर्ताचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. मग मात्र रोज सकाळी गल्लीतले सगळे पुरुष डोक्याला तांबडे रुमाल बांधून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसायला लागले. दुपारपर्यंत बसायचे, बिड्या ओढायचे, आतल्या चिमणीकडे बघायचे. धूर दिसला नाही की उठून घरी यायचे. आम्ही बायका त्यांच्यासमोरून टोपल्या घेऊन भुईमुगाच्या काढणीला जायचो. मजुरी म्हणून शेंगाच मिळायच्या. सकाळी शेंगा, दुपारी शेंगा, रात्री शेंगांचं कूट घातलेली आमटी. मुलीला अंगावर पाजताना मला वाटायचं, हिच्या दुधालासुद्धा आता शेंगांचा वास येत असणार.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्हीही चला शेतावर. तो म्हणाला, रुमाल घेतलाय. मी म्हटलं, रुमाल खाता येतो का? त्यावर त्यानं तोंडाला कुलूप लावलं ते दोन दिवस काढलं नाही.

अशात एक मुकादम आला. मूळचा जाफराबादकडचा, पण बरीच वर्षं पुण्याकडे राहून आलेला. पायात बूट, बोलण्यात निम्मी हिंदी. लढाईचं सामान तयार करणाऱ्या एका कारखान्यात ओझी उचलायला माणसं हवी होती. तो फाटकाशीच गेला आणि बिड्या ओढणाऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला की येत्या बाजाराच्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी निघतो, ज्याला यायचं त्यानं स्टेशनावर यावं. मनमाडच्या पलीकडे आपला निजामाचा हाली रुपया चालत नाही, तिकडे इंग्रजांचा कलदार मिळेल. राहायला खोली आहे, एका खोलीत सगळे बाप्ये, बायकापोरं आणायची नाहीत. आमच्या गल्लीतले दोघं तिथल्या तिथे तयार झाले. बाकीच्यांनी त्यांना अशा शिव्या दिल्या की जणू ते आईला विकून निघाले होते.

नवरा घरी आला आणि हे सगळं त्यानं मामंजींना सांगितलं, मला नाही. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "भोंगा वाजंल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि म्हटलं की भोंगा वाजेल तेव्हा वाजेल, पण तोवर घरातल्या एका तरी माणसानं अन्न आणायला हवं, आणि ते माणूस नेहमी मीच का? भाकरी करपली. मामंजींनी ती मुकाट्यानं खाल्ली.

मामंजी म्हणजे जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. चराईची रानं बंद झाली तेव्हा त्यांनी कळप विकला आणि मुलाला घेऊन जुन्या जालन्याच्या एका बोळात येऊन राहिले. घरात बसून चातीवर लोकर कातायचे. गाव त्यांना कधी मानवलं नाही. भिंतीकडे पाठ करून बसणं त्यांना जमत नसे, नेहमी दारात बसायचे. माझ्याशी ते फार बोलत नसत, पण माझी बाजू घ्यायची वेळ आली की खोकायचे. त्या दिवशी ते बराच वेळ खोकत होते. नवऱ्याला कळायला हवं होतं, पण त्याचे कान फाटकाकडे लागलेले.

बाजाराच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, म्हणजे गाडीला मधला एकच दिवस उरला होता तेव्हा, आम्ही बायका शेतावरून परत येत होतो. ऊन अजून होतं. जवळची वाट म्हणून आम्ही कारखान्याच्या मागच्या अंगानं आलो. मागचं फाटक एरवी गंजलेलं आणि बंद असायचं. ते उघडं होतं आणि बाहेर दोन बैलगाड्या उभ्या होत्या. हमाल आतून रेच्यांचे चामडी पट्टे गुंडाळून आणत होते आणि गाडीत टाकत होते. पट्ट्यांवर ताडपत्री घातलेली. बाकीच्या बायका पदर ओढून पुढे गेल्या. माझे पाय तिथेच थांबले. पट्टे काढले म्हणजे रेचा मेला, हे त्यावर काम केलेल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

मालक तिथेच उभे होते. मी डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन विचारलं, कारखाना चालू होणार की नाही? ते दचकले. तू कोण, म्हणाले. मी कोणाची बायको ते सांगितलं. प्रेसवरचा माणूस म्हटल्यावर त्यांनी ओळखलं, आणि का कोण जाणे, खरं बोलले. कदाचित बाईसमोर खोटं बोलायचीही त्यांना गरज वाटली नसेल.

"ह्या साली न्हाई. पुढच्या सालीबी सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, मग रुमाल का दिलेत?

"न दिले तर समदे निघून गेले असते. उद्या बाजार खुला झाला तर गाठी बांधायला माणसं कुठून आणू मी?"

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. वाईटपणाचा सूर नव्हता त्यात. गोठ्यातली बैलं विकायची नाहीत, पण त्यांना वैरण घालणंही परवडत नाही, असं एखादा सांगेल तसं. टोपली उचलून मी घरी आले. वाटेत फाटकाशी आता कुणी नव्हतं, पण त्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेली जमीन दिसत होती आणि विझलेल्या बिड्यांचा खच. मला त्या सगळ्यांची इतकी कीव आली की रडू फुटलं. रडू आलं म्हणून मग राग आला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, तू नीट ऐकलं नसशील. पट्टे दुरुस्तीला गेले असतील. मी म्हटलं, मालकाच्या तोंडून ऐकलंय. तो म्हणाला, मालक बायकांशी असलं बोलणार नाहीत. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात तो उठला आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडला. मामंजींनी चाती खाली ठेवली.

तो परत आला तेव्हा रुमाल डोक्याला नव्हता, हातात होता. मागच्या भिंतीवर चढून त्यानं आत बघितलं होतं. प्रेसचा सांगाडा तेवढा उभा होता, बाकी अंगण झाडल्यासारखं मोकळं. तो ओट्यावर बसला आणि रुमालाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. मोठा माणूस असा घडी घालत बसलेला बघवत नव्हता. मी इतके दिवस ज्याच्याशी भांडत होते तो हट्ट त्याच्या अंगातून निघून गेला होता आणि मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. शेवटी तो म्हणाला की परवाच्या गाडीनं जातो.

तेव्हा मामंजी बोलले. "एकला न्हाई जायचं."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. मेंढरं घेऊन गाव सोडताना त्यांच्यात कधी एक माणूस पुढे धाडत नसत. बिऱ्हाड हललं तर सगळं हलायचं. घोड्यावर भांडी आणि कोंबड्यांची झाप, त्यावर पोरं, मागं बाया, कुत्री, म्हातारी माणसं. चार महिने चाला नाहीतर आठ महिने, सगळ्यांनी मिळून चालायचं. पुढं एकटा गेलेला माणूस आपल्यात परत आला तरी आपला राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. "जायचं तर समद्यानी. न्हाई तर मंग कुणीच न्हाई."

मुकादम बायकापोरं घेत नाही, म्हातारी माणसं तर नाहीच, असं नवऱ्यानं समजावून सांगितलं. मामंजींनी चाती उचलली. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

मधला तो दिवस मी आयुष्यात विसरले नाही. मी शेतावर गेले नाही. मला नवऱ्यानं जायला हवं होतं, आणि त्याचबरोबर तो एकटा गेला तर मी ह्या बोळात मुलीला आणि म्हाताऱ्याला घेऊन शेंगा खात किती काळ काढणार, ह्या विचारानं जीव टांगणीला लागला होता. गल्लीत अशा बायका होत्या ज्यांचे नवरे लढाईच्या आधीच कुठे कुठे गेले होते. त्यांच्या दारात पोस्टमन आला की त्या धावत जायच्या, आणि तो पुढे गेला की जणू काही झालंच नाही अशा भांडी घासायला बसायच्या. मला त्यांच्यातली एक व्हायचं नव्हतं. मामंजींचा राग आला, तरी ते म्हणत होते ते माझ्याच मनातलं होतं, हे कबूल करायला माझी जीभ रेटेना. नवरा बापाचा शब्द मोडणारा नव्हता. संध्याकाळी तो मला म्हणाला की मी मुकादमाला नाही म्हणून सांगतो, उद्यापासून तुझ्याबरोबर शेतावर येतो. भुईमुगाची काढणी चार दिवसांत संपणार होती. पुढे काय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तेवढ्यात मामंजी बाहेरून आले. काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाले की मी मुकादमाला भेटून आलो, बोलणं झालं, समद्यांना घेऊन चाललाय, बांधाबांध करा. मला खरं वाटेना. नवरा म्हणाला, खरंच? "खोटं काहून बोलू? जल्दी करा."

माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. भांडी गोणपाटात बांधली, जातं शेजारणीला दिलं. मामंजींनी त्यांची दोन्ही घोंगडी गुंडाळून दोरीनं बांधली. शेजारणीनं विचारलं तेव्हा मी तोंडभरून सांगितलं, आम्ही सगळे चाललो. तिच्या चेहऱ्यावर हेवा दिसला आणि मला बरं वाटलं, लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर ही गर्दी. बाजारची माणसं, गाठोडी, बकऱ्या. मुकादम पुढच्या टोकाला आपल्या माणसांना गोळा करून उभा होता. त्यानं आम्हाला लांबून पाहिलं आणि हात केला. मी मुलीला कडेवर घट्ट धरलं होतं, कारण मला सारखं वाटत होतं की आता तो येईल आणि आम्हाला हाकलेल. तो आला नाही. गाडी आली तशी एकच झुंबड उडाली. मामंजींनी मला दंडाला धरून बायकांच्या डब्यात अक्षरशः ढकललं, इतका जोर त्यांच्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. मग खिडकीतून एकेक गाठोडं आत दिलं. भांडी, कपडे, शेवटी दोन्ही घोंगडी. मी म्हटलं, घोंगडं एक तुमच्याजवळ ठेवा, गाडीत वारं लागेल. ते म्हणाले, "नगं. मी मागल्या डब्यात बसतो, तिथं चढायला सोपं पडतं." मुलीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला आणि ते गर्दीतून मागे चालत गेले. नवरा पुढच्या डब्यात मुकादमाच्या माणसांबरोबर चढला होता. गाडी सुटली. मला खिडकीशी जागा मिळाली होती आणि मी किती खुशीत होते ते आठवलं की आजही अंगावर शहारा येतो.

बदनापूरला गाडी थांबली तेव्हा नवरा माझ्या खिडकीशी आला. बाबा बरोबर आहेत ना, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मागच्या डब्यात. तो मागे गेला. मी त्याला एका डब्यातून दुसऱ्यात डोकावताना पाहत राहिले. शेवटच्या डब्यापाशी तो उभा राहिला, मग पळत पुढे मुकादमाकडे गेला. मुकादमाचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, फक्त तो हात हलवून काहीतरी समजावत होता आणि नवरा मान हलवत होता. मग दोघंही माझ्या खिडकीशी आले.

मुकादम मला म्हणाला, "म्हातारा मला येऊन भेटला ना काल. मी म्हणालो, बाई चालंल एक वेळ पोरीसकट, खोलीतल्या लोकांचा स्वैपाक करील. म्हाताऱ्याला जागा न्हाई. तो म्हणला, मला यायचंच न्हाई, ह्या दोघांना सांगू नगस."

नवरा गाठोड्याकडे हात करून म्हणाला, घोंगडी दे, मी पुढं येत नाही, पायी परत जातो. इंजिनानं शिट्टी दिली. मला वाटलं, उतरावं. मुलीला घेऊन ह्याच्या मागोमाग उतरावं आणि तिघांनी चालत त्या बोळात परत जावं. दारात बसलेला तो माणूस दिसला असता. मग पुन्हा शेंगा, पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर वाट बघणं. आणि मामंजींनी मनावर दगड ठेवून जे केलं होतं ते आम्ही त्यांच्या तोंडावर परत फेकलं असतं.

"चढा," मी म्हटलं. "मी उतरत न्हाई."

हे मी म्हटलं. कुणी दुसऱ्यानं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेपुढे मला आयुष्यात पुन्हा कधी चढा आवाज करता आला नाही. गाडी हलली तेव्हा तो पळत जाऊन आपल्या डब्यात चढला. मी ती दोन्ही घोंगडी मांडीवर घेऊन बसले. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती, आणि घरात पांघरायला त्या दोहोंखेरीज तिसरं घोंगडं नव्हतं.